सगळ्यात मोठी रात्र आणि आईचा फोन

पत्राचा सारांश : ठाण्यात वाढलेली आणि लग्नानंतर नऊ वर्षं लंडनला राहणारी एक बेने इस्रायल (कोकणातल्या मराठी ज्यू समाजातली) वाचक लिहिते की, तिथे डिसेंबरात चारच्या आत काळोख पडतो आणि नोव्हेंबर लागला की तिला त्या काळोखाची धास्ती वाटायला लागते. गेल्या वर्षी, २१ डिसेंबर २०२५ ला, हनुक्काचा, म्हणजे ज्यूंच्या आठ दिवसांच्या सणाचा, आठवा दिवा लावायला ती एका ज्यू मैत्रिणीकडे गेली होती. दिवे लावून झाल्यावर बायका तिथेच थांबल्या. ती वर्षातली सगळ्यात मोठी रात्र होती. त्यांनी तालमुद या ज्यू धर्मग्रंथातली आदामाची, पहिल्या माणसाची, गोष्ट वाचली, बायबलमधल्या इफ्ताहाच्या मुलीची आठवण काढली, गाणी म्हटली. पुष्कळ वर्षांनी प्रार्थना म्हणताना तिचा गळा दाटून आला. यंदा हनुक्का लवकर संपतो, म्हणून मैत्रिणींनी २१ डिसेंबरची रात्र वेगळी पाळायचं ठरवलं आहे. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "ही सूर्याची पूजा झाली. आपल्यात असलं काही नाही." नवरा म्हणतो, "हनुक्का तरी दुसरं काय आहे? थंडीतला दिव्यांचा सण. सगळीकडे तेच असतं. जा बिनधास्त." तिचे प्रश्न तीन : जाऊ का? आईपासून लपवून जाऊ का? आणि हा धर्म आहे, की मनाला बरं वाटावं म्हणून मांडलेला खेळ?

प्रिय मुली,

तुझ्या पत्रात शेवटी शेवटी एक वाक्य आहे. "चार वाजता पडदे ओढते आणि मग दिवा लावायलाही उठवत नाही, तशीच अंधारात बसून राहते." तू ते जाता जाता लिहिलं आहेस, पण मी पत्र तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा तिथेच अडले. त्याकडे मी येणार आहे. आधी आईचं म्हणणं घेऊ, कारण तुला टोचलं आहे ते तेच.

"आपल्यात असलं काही नाही." माझं माहेर अलिबागकडचं. आमच्या घरी हे वाक्य महिन्यातून दोनदा तरी ऐकू यायचं, आणि दर वेळी ते खरं असायचंच असं नाही. या बाबतीत तर ते खरं नाहीच.

तालमुदमध्ये 'अवोदा झारा' नावाचा एक भाग आहे. नावाचा अर्थच परकी उपासना. म्हणजे तुझ्या आईला ज्या गोष्टीची भीती वाटते, नेमक्या त्याच गोष्टीवरचा. त्यात आठव्या पानावर रब्बी, म्हणजे ज्यू धर्मपंडित, रोमन लोकांच्या दोन सणांबद्दल बोलत आहेत, सॅटर्नेलिया आणि कॅलेंडा. एक मोठ्या रात्रीच्या आधी आठ दिवस, दुसरा त्यानंतर आठ दिवस. या लोकांशी सणाच्या सुमारास देवघेव करावी की करू नये, असा अगदी बाजारातला प्रश्न. आणि बोलता बोलता ते थेट आदामापर्यंत जातात.

आदाम बघतो की दिवस लहान होत चालला आहे. कालच्यापेक्षा आज लहान, आजच्यापेक्षा उद्या. ऋतू फिरतात हे त्याला कुठून माहीत असणार? त्याच्या आधी कुणी हिवाळा पाहिलेलाच नव्हता. तो म्हणतो, हाय रे दैवा, माझ्या पापामुळे जग माझ्याभोवती काळवंडत चाललं, सगळं पुन्हा होतं तसं शून्यावर येणार. मला मरणाची शिक्षा सांगितली होती ती हीच. मग तो आठ दिवस उपास आणि प्रार्थना करत बसतो. पुढे तेवेत महिन्याचा 'तेकुफा' येतो. तेकुफा म्हणजे ऋतूचा सांधा. दिवस मोठा व्हायला लागलेला त्याला दिसतो. तेव्हा तो म्हणतो, 'मिनहागो शेल ओलाम हू', ही तर जगाची रीतच आहे. आणि मग आठ दिवस तो सण करतो.

गोष्ट इथे संपली असती तरी चाललं असतं. पण तालमुद पुढे एक ओळ जोडतो, आणि ती ओळ मला सगळ्यात जवळची वाटते. दुसऱ्या वर्षी आदामाने हे आठ दिवस आणि ते आठ दिवस, दोन्हीही सणाचे केले. म्हणजे ज्या आठ दिवसांत तो रडला होता, तेही. दिवस तेव्हाही लहानच होत होते, रात्री तेवढ्याच लांब होत्या, पण आता त्याला रीत कळली होती.

आता पाहा, या गोष्टीत आदाम सूर्याला हाका मारत नाही. सूर्य परत यावा म्हणून होळी पेटवत नाही. तो प्रार्थना करतो ती देवाची, आणि बाकी नुसता बघत राहतो. रब्बी याच पानावर म्हणतात की त्याने हे दिवस देवासाठी ठरवले होते, पुढच्यांनी ते मूर्तींसाठी केले. तेव्हा आईची भीती अडाणीपणाची नाही, ती याच पानावर लिहिलेली आहे. फक्त तिला वाटतं की रेघ त्या रात्रीच्या अलीकडे ओढलेली आहे. ती तिथे नाही. हाक कुणाला मारतेस, तिथे ती रेघ आहे.

आणि सूर्याचं म्हणशील, तर सूर्याकडे पाहून म्हणायची 'बेराखा', म्हणजे देवाचे आभार मानणारी प्रार्थना, आपल्यात आहेच. दर २८ वर्षांनी एकदा, सकाळी, उघड्यावर उभं राहून म्हणतात. गेल्या खेपेला ८ एप्रिल २००९ ला, बुधवारी, म्हटली होती. आता २०३७ मध्ये येईल. त्यातले शब्द सृष्टी घडवणाऱ्याचे आभार मानणारे आहेत. सूर्य निमित्त. रोज सकाळच्या प्रार्थनेत तर आपण 'प्रकाश घडवणारा आणि अंधार निर्माण करणारा' असं म्हणतो, यशयाच्या ४५ व्या अध्यायातल्या शब्दांत. अंधारही त्याच हातचा. हे आईला सांग. तिला हे शब्द तोंडपाठ असतील, फक्त या कामासाठी ते कधी काढले नसतील.

आईशी बोलताना आणखी एक गोष्ट हाताशी ठेव, पण ती भांडणात वापरू नकोस. आपल्यात हनुक्काही नव्हता. नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटलं, सात जोडपी वाचली, असं आपण पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलो. कोकणात त्यांनी तेलाचे घाणे चालवले, शनिवारी घाणा बंद ठेवला, म्हणून लोक शनिवार तेली म्हणू लागले. पुस्तकं गेली होती. 'शेमा' ही प्रार्थना उरली होती, शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विसावा, उरला होता, आणि काही सण उरले होते. त्यांना आपण आपल्या भाषेत नावं दिली : नव्याचा सण, दारफाळणीचा सण, होळीचा सण, बिरड्याचा सण. या यादीत हनुक्का नाही. हाईम सॅम्युएल केहिमकरांनी १८९७ च्या सुमारास आपल्या लोकांचा इतिहास लिहिला, त्यात हे नोंदलेलं आहे. हनुक्का आपल्याकडे आला तो पुढे, कोचीनच्या आणि बगदादकडच्या ज्यूंशी संबंध वाढला तेव्हा. तुझ्या आईच्या खिडकीतले आठ दिवे कुणा एका पणजीला परकेच वाटले असणार. "आपल्यात नाही" असं तीही म्हणाली असेल.

यावरून काहीही आणा आणि आपलं म्हणा, असं मात्र मी म्हणत नाही. हनुक्का आला तो एकटा आला नाही. त्याच्यामागे दीड-दोन हजार वर्षांची माणसं होती, नियम होते, वाद होते. तुझ्या मैत्रिणींच्या २१ डिसेंबरच्या रात्रीला अजून एवढं पाठबळ नाही. तिला सण म्हणण्याची घाई नको. जुनं पान उघडून जमलेल्या बायकांची रात्र, एवढं म्हण. तेवढं पुरेसं आहे.

आता तुझ्या नवऱ्याचं. तो तुझ्या बाजूने बोलतो आहे, त्याचं मन चांगलं आहे, पण त्याचं म्हणणं मला आईच्या म्हणण्याहून कच्चं वाटतं. हनुक्का आपल्या पंचांगातल्या किस्लेव महिन्याच्या २५ तारखेला लागतो, आणि तो चंद्राच्या हिशेबाने चालतो. २०२४ मध्ये पहिला दिवा २५ डिसेंबरला होता, २०२५ मध्ये १४ ला, २०२६ मध्ये ४ ला. मोठ्या रात्रीचा सण असता तर असा तीन आठवडे मागेपुढे सरकला नसता. तो मंदिराच्या शुद्धीचा सण आहे, यरुशलेममधल्या एका ठरावीक वर्षीच्या घटनेचा. पण एक गोष्ट त्याच्या बाजूनेही आहे : किस्लेवचा शेवट आणि तेवेतची सुरुवात यांवर हनुक्का दर वर्षी पसरलेला असतो, म्हणजे त्या आठ रात्रींच्या मध्यावर आकाशात चंद्र नसतोच. थंडीतल्या लांब रात्री, त्यातही अवसेच्या. गेल्या वर्षी तर लंडनच्या घड्याळाप्रमाणे दुपारी ३ वाजून ३ मिनिटांनी सूर्याने वळण घेतलं, चारला सात-आठ मिनिटं असताना तो मावळला, आणि लगेच तुम्ही आठवा दिवा लावलात. गळा दाटून आला यात मला नवल वाटत नाही.

दिवे चढते लावायचे की उतरते, यावर हिल्लेल आणि शम्माई या दोन घराण्यांचा वाद झाला होता. शम्माईवाले म्हणत, पहिल्या दिवशी आठ, मग सात, असं कमी करत जा. हिल्लेलवाले म्हणत, एक, मग दोन, मग तीन. पवित्र गोष्टीत चढायचं असतं, उतरायचं नसतं. आपण हिल्लेलचं ऐकतो. मला शम्माईचं म्हणणंही समजतं, बरं का. काही माणसांची थंडी तशीच सुरू होते, आठ दिव्यांनी, आणि मग एकेक विझत जातो. तुझ्या पत्रातली ती चार वाजताची खोली वाचताना मला तेच दिसलं.

हे दिवे वापरायचे नसतात, हेही तुला ठाऊक आहे. त्यांच्या उजेडात वाचायचं नाही, शिवायचं नाही, पैसे मोजायचे नाहीत. फक्त पाहायचे. कामाला वेगळा दिवा असतो. म्हणजे खोली उजळून काढणं हे त्यांच्याकडून अपेक्षितच नाही. आठव्या रात्रीसुद्धा खोलीचे कोपरे काळेच असतात. तुझ्या मनात कुठेतरी असं आहे की अंधार वाटतो म्हणजे श्रद्धा कमी पडली, नीट दिवे लावले तर तो जायला हवा. आदामालाही पहिल्या वर्षी तसंच वाटलं होतं, की हे आपल्या पापाचं फळ. त्याचं ते अनुमान चुकलं होतं.

माझ्या आजीकडे शुक्रवारी संध्याकाळी काचेचा पेला असायचा, साखळीने टांगलेला. खाली निम्म्याहून जास्त पाणी, वर दोन बोटं खोबरेल तेल, आणि बुचाच्या चकतीतून वर काढलेली कापसाची वात. तेलाचा थर पिवळसर, पाण्याचा स्वच्छ, मधली रेघ स्पष्ट दिसायची. शब्बाथला दिवा विझवायचा नसतो, म्हणून तेल आधीच मापून घालायचं. रात्री आम्ही पोरं अंथरुणात पडून बघायचो. तेल जळेल तशी चकती खाली खाली उतरायची, ज्योत पाण्याच्या जवळ यायची, आणि शेवटी चर्र असा अगदी बारीक आवाज होऊन ती पाण्याला टेकायची. मग अंधार. कुणी दचकायचं नाही. आजी त्या आवाजावर कूस बदलायची. मला आजही वाटतं की अंधाराची ओळख मला त्या पेल्याने करून दिली.

तर, जायचं का? माझं मत : जा. पण लपवून जाऊ नकोस. लपवलंस की ती रात्र तुझ्या मनात चोरीची होईल, आणि आईचं म्हणणं आपोआप खरं ठरेल. न जाणं हाही एक मार्ग आहे, आईचा मान राहील. पण मग पुढच्या डिसेंबरात चारच्या काळोखात तू पुन्हा एकटी असशील, आणि आईलाही ते नको असणार. आईला सांगताना 'सोल्स्टिस' असा सूर्याच्या वळणाचा इंग्रजी शब्दच काढू नकोस, तो तिला परका वाटतो. तिला म्हण, आम्ही बायका तेवेतमध्ये जमून अवोदा झाराचं आठवं पान वाचणार आहोत. हे खोटं नाही, नेमकं हेच तुम्ही करणार आहात. आणि मग ती गोष्ट तिला फोनवर पूर्ण सांग, दुसऱ्या वर्षासकट.

मैत्रिणींनाही आधी विचारून घे, तिथे काय काय होणार. पाठ, गाणी, दिवे, जेवण असेल तर निर्धास्त बस. सूर्याला किंवा कुणा देवीला उद्देशून काही म्हणणार असतील तर तेवढ्यापुरती बाजूला हो, भांडू नकोस, चहा टाकायला आत जा. हनुक्काच्या बेराखा त्या रात्री म्हणू नका, हनुक्का संपलेला असेल आणि देवाचं नाव कारणाविना घ्यायचं नसतं. दिवा नुसता लावा, शब्दांशिवाय. मी रब्बी नाही. एखाद्या बारीकसारीक गोष्टीत मन अडलं तर तिथल्या तुमच्या रब्बींना विचार, ते अशा प्रश्नांना हसत नाहीत.

इफ्ताहाच्या मुलीबद्दल तू विचारलं आहेस, की ती या रात्री कुठून आली. जुनी समजूत अशी की चारही तेकुफांच्या क्षणी पाण्याला धोका असतो, म्हणून त्या वेळी पाणी प्यायचं नाही, किंवा भांड्यावर लोखंडाचा तुकडा ठेवायचा. प्रत्येक तेकुफाला एक गोष्ट जोडलेली आहे, आणि तेवेतच्या तेकुफाला जोडली आहे ती बापाच्या नवसापायी जीव गेलेल्या या मुलीची. शास्ते पुस्तकाच्या ११ व्या अध्यायात आहे की इस्रायलच्या मुली दर वर्षी चार दिवस तिच्यासाठी शोक करायला जात. बायकांनी तिची आठवण काढावी यात गैर काही नाही. फक्त ते वाचन जेवणाच्या आधी उरका. शेवटी ठेवलंत तर ती गोष्ट घेऊनच तू काळोखात घरी जाशील.

पंचांगाचीही एक गंमत सांगते. परंपरेतला हा तेकुफा तालमुदमधल्या शमुएल या पंडिताच्या गणिताने मोजतात, वर्ष ३६५ दिवस ६ तासांचं धरून. खरं वर्ष त्याहून ११ मिनिटांनी लहान आहे. ती ११ मिनिटं साठत साठत आता तो तेकुफा जानेवारीच्या ६-७ तारखेला येतो. आपल्या शेजाऱ्यांची संक्रांतही अशीच खऱ्या वळणापासून सरकून १४-१५ जानेवारीला गेली, कारण वेगळं असलं तरी. दोघांनीही जुना हिशेब सोडला नाही. मला ते आवडतं. तेव्हा २१ ला काही जमलं नाही, आजारी पडलीस, गाड्या बंद पडल्या, तर ६ जानेवारीची संध्याकाळ परंपरेच्या दृष्टीने जास्तच पक्की आहे.

आणि २०२६ ची एक गोष्ट तुझ्या मैत्रिणींच्या लक्षात आली आहे का, पाहा. १० तेवेतचा उपास यंदा रविवारी, २० डिसेंबरला आहे. बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याने यरुशलेमला वेढा घातला त्याचा उपास, पहाटेपासून चांदण्या दिसेपर्यंत. लंडनला वर्षातला सगळ्यात छोटा उपास तो. त्याच्या दुसऱ्याच रात्री सूर्य वळतो आहे. आधी उपास, मग जेवण, आदामाने केलं तसंच. वेगळं काही शोधून काढायची गरजच नाही. रविवारी उपास कर, तब्येत बरी नसेल तर करू नकोस, आणि सोमवारी रात्री मैत्रिणींकडे भरपूर जेव. काळ्या मनुकांचं शरबत करून ने.

आता ती अंधारी खोली. मुली, धास्ती वेगळी आणि दिवा लावायला न उठवणं वेगळं. हिवाळ्यात येणारं नैराश्य हा ओळखीचा आजार आहे, १९८४ मध्ये डॉक्टरांनी त्याला नाव दिलं, त्यावर उपचार आहेत. हे आठवडेच्या आठवडे चालत असेल, झोप फार वाढली असेल, गोड खावंसं वाटत राहत असेल, माणसं नकोशी होत असतील, तर डॉक्टरकडे जा. डिसेंबरची वाट पाहू नकोस, नोव्हेंबरातच जा. १०,००० लक्सचा दिवा मिळतो, तो सकाळी अर्धा तास समोर ठेवून बसायचं असतं. तुला चालेल का, ते डॉक्टर सांगतील. थंडीत ड जीवनसत्त्वाच्या रोज १० मायक्रोग्रॅमच्या गोळ्या घ्यायला तिथलं आरोग्य खातंच सांगतं, आणि आपल्या रंगाच्या माणसांना तर जास्तच गरज. दुपारी जेवणाच्या सुट्टीत वीस मिनिटं बाहेर चाल, आभाळ कितीही भरलेलं असो. जगणं नकोसं वाटण्यापर्यंत कधी गेलं तर त्याच दिवशी, त्याच तासाला कुणाला तरी सांग. यातलं काहीही श्रद्धेच्या आड येत नाही. आदामाला पहिल्या वर्षी सांगायला कुणी नव्हतं, तुला आहे.

टोरांटो, शिकागो, स्टॉकहोमहून अशीच पत्रं येतात, त्यातली बरीचशी ज्यू नसलेल्यांची. त्यांनाही मी हेच सांगते : घरच्या परंपरेत काळोखाचं एखादं पान असतंच, ते शोधा, आणि ते एकट्याने वाचू नका.

तुला एक काम देते. ४ डिसेंबरला शुक्रवार आहे आणि हनुक्काचा पहिला दिवाही. लंडनला साडेतीनच्या सुमारासच लावावे लागतील, आधी हनुक्काचा, मग शब्बाथचा. ऑफिसात आत्ताच सांगून ठेव. शब्बाथचा दिवा यंदा मेणबत्तीऐवजी पेल्यात लाव. पाणी किती, तेल किती, वात किती जाड, हे आईला फोन करून विचार, तिने तिच्या आईला तो भरताना पाहिलेलं असणार. एवढंच आहे की तिकडे थंडीत खोबरेल गोठतं. ओतायच्या आधी बाटली थोडा वेळ कोमट पाण्यात धर.

तुझी
मावशी